उडी कुणाची, नाव कुणाचं?

२०२८ मध्ये ऑस्करच्या मंचावर पहिल्यांदाच स्टंटसाठी पुरस्कार दिला जाणार आहे. तोवर कुठले परदेशी अ‍ॅक्शनपट आणि त्यांचे पुढचे भाग बघून ठेवायचे, त्याची ही यादी. आणि यादीसोबत एक प्रश्नही.

आधी एक सोपा प्रश्न. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'ला किती ऑस्कर मिळाले? सहा. आता थोडा अवघड. कशाकशासाठी? एडिटिंग, कॉस्च्युम, मेकअप, प्रॉडक्शन डिझाइन आणि साउंडचे दोन. हा सिनेमा पाहिलेल्या तुमच्या मित्राला विचारा, तुला त्यातलं काय आठवतं? बहुतेक वेळा उत्तर एकच येईल. वाळवंटातून सुसाट धावणाऱ्या गाड्या आणि त्यांच्यावर उभ्या केलेल्या उंच, लवचिक खांबांच्या टोकाला लटकून इकडून तिकडे झुलणारी ती माणसं. त्या माणसांच्या वाट्याला काहीच आलं नाही. ती हरली असं म्हणायचीही सोय नाही, कारण स्टंटसाठी कॅटेगरीच नव्हती.

आता ती येतेय.

बातमी काय आहे?

ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, की शंभराव्या सोहळ्यापासून 'स्टंट डिझाइन' हा नवा पुरस्कार सुरू होईल. हा सोहळा २०२८ मध्ये होणार आहे आणि त्यात २०२७ मध्ये रिलीज झालेले सिनेमे असतील. पहिला ऑस्कर सोहळा झाला होता १९२९ मध्ये. म्हणजे स्वतःच्या नावाचा रकाना मिळायला स्टंटवाल्यांना जवळपास शंभर वर्षं थांबावं लागलं.

मधल्या काळात काहीच झालं नाही असं नाही. जुन्या काउबॉयपटांमधले दिग्गज स्टंटमन याकिमा कनुट यांना १९६७ मध्ये मानद ऑस्कर दिला गेला. हॅल नीडहॅम यांना २०१२ मध्ये, जॅकी चॅनला २०१६ मध्ये. पण मानद ऑस्कर म्हणजे आयुष्यभराच्या कामाचा सत्कार. या वर्षी कुठल्या सिनेमाचं स्टंटकाम सगळ्यात सरस होतं, याची चर्चा त्यातून होत नाही. आणि आपल्याला तर माहीतच आहे, निकालाआधी महिनाभर जी वादावादी होते, खरं कौतुक त्यातच होतं.

ही मागणी लावून धरणाऱ्यांमध्ये डेव्हिड लीच आणि ख्रिस ओ'हारा ही दोन नावं पुढे होती. लीच आज मोठा दिग्दर्शक आहे, पण त्याची सुरुवात स्टंटमन म्हणून झाली. 'फाइट क्लब'मध्ये ब्रॅड पिटचा डबल तोच होता.

पुरस्काराच्या नावातला 'डिझाइन' हा शब्द मात्र नीट बघा. गाडी किती वेगात येणार, रॅम्प किती उंच हवा, वायर कुठे बांधायची, कॅमेरा कुठे ठेवला की न लागलेला ठोसा लागल्यासारखा वाटेल आणि काही चुकलंच तर माणूस कशावर पडेल, हे सगळं आधी ठरवून, महिनोन्‌महिने सराव करून मग शॉट घ्यायचा, याला स्टंट डिझाइन म्हणतात. 'जिगर है' म्हणून मारलेली उडी त्यात बसत नाही. या एका शब्दात किती फरक पडतो, ते पुढच्या यादीत दिसेल.

सीक्वेलचं गणित

यादीत सीक्वेल इतके का, असं तुम्ही विचाराल. कारण अ‍ॅक्शनपटाच्या पुढच्या भागावर एक वेगळंच ओझं असतं. कॉमेडीच्या दुसऱ्या भागात त्याच जातीचे जोक चालून जातात. अ‍ॅक्शनमध्ये नाही चालत. पहिल्या भागात हिरो इमारतीवर चढला असेल तर पुढच्या भागात त्याला त्याहून भारी काहीतरी करावंच लागतं.

'मिशन इम्पॉसिबल'ची शिडी बघा. २०११ मध्ये टॉम क्रूझ बुर्ज खलिफावर चढला. २०१५ मध्ये उडणाऱ्या लष्करी विमानाला बाहेरून लटकला. २०१८ मध्ये हेलिकॉप्टर उडवलं, २०२३ मध्ये बाइकसकट कड्यावरून उडी घेतली आणि २०२५ मध्ये छोट्या विमानाच्या पंखावर पोचला. हा शेवटचा 'फायनल रेकनिंग' भारतात १७ मे रोजी लागला आणि अमेरिकेत २३ मे रोजी. आपल्याकडे आधी! स्टुडिओला आपली गर्दी किती महत्त्वाची वाटते, ते यावरून कळतं. ट्रेलर आला की आपण ग्रुपवर पहिलं काय विचारतो? "या वेळी काय केलंय त्याने?" शिडीची पुढची पायरी आपल्या या प्रश्नावर ठरते. मग त्या पायरीवर पाय कोण ठेवतं, एवढं तरी आपल्याला माहीत असायला हवं ना?

यादी : जोडीने बघा

नेहमीच्या 'टॉप टेन'पेक्षा ही यादी वेगळी आहे. प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा असे दोन सिनेमे एकापाठोपाठ बघायचे. फरक आपोआप दिसतो.

पहिली जोडी : 'पोलीस स्टोरी' (१९८५) आणि 'पोलीस स्टोरी ३ : सुपरकॉप' (१९९२)

हाँगकाँग. पहिल्या भागाचा शेवट एका शॉपिंग मॉलमध्ये होतो. जॅकी चॅन वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरून खाली घसरत येतो आणि काचेच्या छतातून थेट जमिनीवर. त्यात त्याचे हात भाजले, पाठीला मार बसला. त्याच सिनेमातल्या डबलडेकर बसच्या सीनमध्ये खिडकीतून बाहेर फेकले जाणारे स्टंटमन गाडीवर पडायचे होते, ते पडले डांबरी रस्त्यावर. शॉट तसाच ठेवलाय.

'सुपरकॉप'मध्ये बघायची ती मिशेल योह. धावत्या ट्रेनच्या टपावर ती बाइक उडवते. हीच मिशेल योह २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर घेऊन गेली. या सिनेमाचा दिग्दर्शक स्टॅन्ली टाँग स्वतः स्टंटमन होता. नावं सुरू झाली की उठू नका. जॅकीच्या सिनेमांत शेवटी फसलेले शॉट दाखवतात. आपण ते गंमत म्हणून बघतो, पण त्यात माणसं खरोखर पडताना दिसतात आणि त्यांना उचलायला धावणारी टीमही दिसते.

दुसरी जोडी : 'मॅड मॅक्स २' (१९८१) आणि 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५)

वेळ एकाच जोडीसाठी असेल तर ही बघा. देश ऑस्ट्रेलिया, दिग्दर्शक जॉर्ज मिलर. हा माणूस सिनेमात येण्याआधी डॉक्टर होता. 'मॅड मॅक्स २'मध्ये एक बाइकस्वार गाडीला धडकतो आणि हवेत भिरभिरत लांब जाऊन पडतो. अंगावर काटा येतो. तो शॉट ठरवलेला नव्हता. स्टंटमनचे पाय गाडीला आपटले, तो गरगरत गेला आणि त्याचा पाय मोडला. तेव्हा तो साधारण आपल्याच वयाचा होता. त्याचं नाव गाय नॉरिस.

आता 'फ्युरी रोड' लावा. त्याच्या सगळ्या स्टंटची जबाबदारी कुणाकडे होती? याच गाय नॉरिसकडे. सुरुवातीला मी सांगितलेल्या त्या झुलत्या खांबांचे सीन चालत्या गाडीवर करणं फार धोक्याचं आहे, असं मिलरचंच मत होतं. उभ्या गाडीवर शूट करून नंतर कॉम्प्युटरवर जोडायचा विचार होता. नॉरिसच्या टीमने खांबाच्या तळाशी जड वजन लावून तोल साधला, भरपूर सराव केला आणि चालत्या गाडीवर हे नीट करता येतं हे दाखवून दिलं. मग मिलर तयार झाला. चौतीस वर्षांच्या अंतराने तोच दिग्दर्शक, तोच स्टंटवाला. पहिल्या वेळी चुकलेली उडी आणि मोडलेला पाय, दुसऱ्या वेळी आखलेला धोका. आणि दिसायला जास्त थरारक कुठला आहे? दुसराच.

तिसरी जोडी : 'द रेड' (२०११) आणि 'द रेड २' (२०१४)

इंडोनेशिया. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स मूळचा वेल्सचा. 'पेंचाक सिलाट' या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करायला तो गेला आणि तिथे त्याला इको उवाइस भेटला. उवाइस तेव्हा एका टेलिफोन कंपनीत ड्रायव्हर होता आणि सिलाट शिकलेला होता. पुढे तोच हिरो झाला. गंमत म्हणजे दुसऱ्या भागाची गोष्ट आधी लिहून तयार होती, पण तेवढे पैसे उभे राहिले नाहीत. म्हणून एकाच इमारतीत घडणारी छोटी गोष्ट लिहून आधी 'द रेड' केला. पैसे कमी, म्हणून जागा एक; जागा एक, म्हणून सगळा भर मारामारीच्या रचनेवर. शॉर्टफिल्म करणाऱ्या मंडळींनी हा सिनेमा अभ्यास म्हणून बघावा.

दुसऱ्या भागात कार चेसमध्ये कॅमेरा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातो. कसा? मधल्या गाडीत एक कॅमेरामन चक्क सीटचं कव्हर अंगावर घालून सीट बनून बसला होता. त्याने कॅमेरा हातात घेतला आणि पुढे दिला. दोन्ही भागांत हिंसा भरपूर आहे, घरच्यांसोबत लावू नका.

चौथी जोडी : 'जॉन विक' (२०१४) आणि 'जॉन विक ४' (२०२३)

'मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्ह्जचा डबल होता चॅड स्टाहेल्स्की. पुढे त्यानेच रीव्ह्जला घेऊन 'जॉन विक' दिग्दर्शित केला. पडद्यावर नाव एकट्या स्टाहेल्स्कीचं असलं तरी पहिल्या भागात लीचही त्याच्यासोबत होता. दोघंही स्टंटवाले, त्यामुळे यातली मारामारी कटच्या गर्दीत लपवलेली नाही. कॅमेरा लांब, शॉट मोठे, कोण कुणाला काय करतंय ते स्पष्ट दिसतं. असं दाखवायचं तर कलाकाराला ते खरंच यावं लागतं आणि म्हणून महिनोन्‌महिने तालीम लागते.

चौथ्या भागात पॅरिसमध्ये जॉन विक एका लांबलचक जिन्यावरून गडगडत अगदी खालपर्यंत येतो. थिएटरमध्ये या सीनला हशा आणि टाळ्या दोन्ही होत्या. गडगडत आलेल्या माणसाचं नाव व्हिन्सेंट बुइयाँ. पोस्टरवर हे नाव सापडणार नाही.

आणि एक सुटा सिनेमा : 'द फॉल गाय' (२०२४)

हा सीक्वेल नाही, पण यादी याच्याशिवाय अपुरी आहे. यात हिरोच स्टंटमन आहे. दिग्दर्शक लीच, आणि नामावलीत ख्रिस ओ'हाराच्या नावापुढे 'स्टंट डिझायनर' अशी पदवी आहे. नंतर ऑस्करने घेतलेला शब्द हाच. या सिनेमासाठी लोगन हॉलाडे या स्टंटमनने गाडी साडेआठ वेळा उलटीपालटी करून जागतिक विक्रम केला. आधीचा विक्रम बाँडच्या 'कसिनो रॉयल'च्या नावावर होता, सात वेळा.

टाळ्यांच्या मागे

इथपर्यंत सगळं भारीच वाटतं. पण याच लीचने दिग्दर्शित केलेल्या 'डेडपूल २' या सीक्वेलच्या शूटिंगमध्ये, ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जॉय हॅरिस या स्टंटवूमनचा मृत्यू झाला. ती अनुभवी बाइक रेसर होती, पण सिनेमात स्टंट करायची ही तिची पहिलीच वेळ. पात्र हेल्मेट घालत नाही, म्हणून तिच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. नंतरच्या चौकशीत सुरक्षेच्या नियोजनातल्या त्रुटी समोर आल्या. सिनेमा तिला अर्पण केलेला आहे.

म्हणजे स्टंटची जाण असलेला दिग्दर्शक, मोठं बजेट आणि मोठा स्टुडिओ असूनही हे घडलं. डिझाइनमध्ये एक दुवा राहिला की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

म्हणूनच काहींना या नव्या पुरस्काराची धास्तीही वाटू शकते. पुरस्काराच्या आशेने लोक आणखी धोका पत्करतील का? शंका चुकीची नाही. सीक्वेलच्या शिडीला आता ऑस्करची शिडी जोडली जाईल. पुरस्काराचे पात्रतेचे आणि मतदानाचे नियम २०२७ मध्ये जाहीर होणार आहेत. माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे. उडी किती उंच, एवढंच मोजलं तर घोळ होईल. ती उडी किती विचार करून आखली, सगळे जण धडधाकट घरी गेले का, हे मोजलं तरच 'डिझाइन' या शब्दाला अर्थ राहील.

मग सगळं कॉम्प्युटरवरच करा ना, असंही कुणी म्हणेल. पण 'फ्युरी रोड' लक्षात आहे ना? तिथे माणसं खरी होती आणि कॉम्प्युटरही होता. आज जाड, मजबूत वायर लावून स्टंट करता येतो, कारण ती नंतर पुसता येते. दोन्ही एकत्र आले की काम जास्त सुरक्षित होतं आणि आपल्याला पडद्यावर खऱ्या वजनाचं खरं माणूस दिसतं. नुसत्या कॉम्प्युटरवर केलेली हाणामारी बघताना आपण मोबाइल का काढतो, याचं उत्तरही यातच आहे.

आपल्याकडे काय?

एका बाबतीत आपण हॉलिवूडच्या पुढे आहोत. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अ‍ॅक्शन दिग्दर्शनासाठी पुरस्कार २०१७ मध्येच दिला गेला. 'पुलिमुरुगन' या मल्याळम सिनेमासाठी पीटर हेन यांना. आणि स्टंटचा वारसा तर आपल्या मुंबईतच आहे. परळच्या वाडिया मूव्हीटोनने १९३५ मध्ये 'हंटरवाली' काढला, त्यात 'फिअरलेस नाडिया' धावत्या घोड्यावरून गुंडांची धुलाई करायची. आणि सीक्वेलचं म्हणाल तर १९४३ मध्ये 'हंटरवाली की बेटी'सुद्धा आला होता! परळच्या त्याच जागेवर पुढे व्ही. शांताराम यांचं राजकमल उभं राहिलं. अजय देवगणचे वडील वीरू देवगण आणि विकी कौशलचे वडील शाम कौशल हे दोघंही याच क्षेत्रातले.

आता तर उलटा प्रवासही सुरू झालाय. निखिल नागेश भट यांच्या 'किल' (२०२४) या धावत्या ट्रेनमधल्या हिंदी अ‍ॅक्शनपटाचा इंग्रजी रिमेक करण्याची घोषणा झाली, ती 'जॉन विक'वाल्या स्टाहेल्स्कीच्या कंपनीकडून.

पण पुरस्कार म्हणजे सुरक्षा नव्हे, हेही आपल्याकडेच दिसतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका कन्नड सिनेमासाठी हेलिकॉप्टरमधून बंगळुरूजवळच्या जलाशयात उडी मारलेले दोन कलाकार बुडून गेले. आपल्याला नीट पोहता येत नाही, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत पा. रंजित यांच्या 'वेट्टुवम'च्या सेटवर गाडी उलटण्याच्या स्टंटमध्ये राजू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुभवी स्टंट कलाकाराचा जीव गेला. त्यानंतर अक्षय कुमारने साडेसहाशेच्या आसपास स्टंट कलाकारांच्या विम्याची सोय केल्याची बातमी आली. त्याचं कौतुक आहेच. पण विमा ही एखाद्या स्टारच्या मनाचा मोठेपणा म्हणून मिळायची गोष्ट आहे का? ती कामाच्या करारातच असायला हवी. हे आपण प्रेक्षकांनी आणि उद्या या इंडस्ट्रीत जाणाऱ्यांनी विचारायला नको का?

या वीकेंडला काय कराल?

वरच्या चारपैकी एक जोडी निवडा. कॉलेजमध्ये फिल्म क्लब असेल तर दोन आठवड्यांत दोन शो लावा, आधी जुना मग नवा. बघताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, शॉट किती लांब आहे. दर सेकंदाला कट होत असेल तर काहीतरी लपवलंय असं समजा. दोन, पडणाऱ्याचा चेहरा दिसतोय की पाठ. पाठ दिसली की तिथे दुसरं कुणीतरी आहे. तीन, माणूस पडल्यानंतर कॅमेरा त्याच्यावर थांबतो का. थांबत असेल तर पडणं नीट आखलेलं असण्याची शक्यता जास्त.

आणि सिनेमा संपल्यावर लगेच पुढचा भाग लावू नका. ओटीटीवर नामावली छोटी होऊन कोपऱ्यात जाते, ती परत मोठी करा. 'स्टंट्स' या मथळ्याखाली बारीक अक्षरात नावांची रांग असते. त्यातलं एक नाव निवडा, सर्च करा, त्या माणसाने आणखी कुठल्या सिनेमांत काम केलंय ते बघा. तुमची पुढची वॉचलिस्ट तिथूनच तयार होईल. आणि २०२८ मध्ये नॉमिनेशन्स वाचली जातील, तेव्हा त्यातलं निदान एक नाव तुमच्या ओळखीचं असेल.